एक्स-रेमधली पांढरी रेघ: रूट कॅनलमध्ये कोणतं मटेरियल भरलंय, यावर दात टिकतो का?

(या भागात मी जे बोललो त्याचा हा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तेवढे काढलेत.)

 

एरवी आपण इथे फोन, ॲप, एआय असल्या गोष्टींवर बोलतो. आज दातावर बोलणार आहे. तेही माझ्याच. म्हणजे जो दात आता माझ्या तोंडात नाही, त्याच्यावर.

गेल्या दिवाळीत सकाळी फराळाला बसलो होतो. चकलीचा तुकडा मोडला आणि 'कट्' असा आवाज आला. आधी वाटलं चकली जास्त कडक झालीय, आईला तसं म्हणालोसुद्धा. मग जिभेला काहीतरी टोचलं. खालची डावी दाढ, जिचं दीड वर्षापूर्वी रूट कॅनल झालं होतं, ती उभी तडकली होती. दोन दिवसांनी डेंटिस्टने बघितलं आणि सांगितलं की तडा हिरडीच्या खाली मुळापर्यंत गेलाय, ही वाचणार नाही. काढावी लागली. वय अठ्ठावीस, आणि एक दाढ कायमची गेली.

आता गंमत अशी की, रूट कॅनल करताना मला दोन पर्याय दिले होते. एक नेहमीचं मटेरियल आणि दुसरं 'बायोसिरॅमिक', नवीन पण जास्त पैशांचं. मी नेहमीचं घेतलं होतं. त्यामुळे दाढ गेल्यावर डोक्यात पहिला विचार हाच आला: पैसे वाचवायला गेलो आणि दाढ घालवून बसलो.

माझी मावसबहीण डेंटिस्ट आहे आणि याच शाखेत एमडीएस करतेय. तिला फोन केला. म्हटलं, "ताई, मटेरियल खराब होतं का गं?"

ती म्हणाली, "आधी एक्स-रे पाठव."

रूट कॅनल झाल्या झाल्या काढलेला एक्स-रे माझ्या फोनमध्ये होताच. पाठवला. पाच मिनिटांनी तिचा रिप्लाय आला: "फिलिंग तर छान झालंय रे. कॅप कुठाय?"

या प्रश्नाचं उत्तर मी शेवटी देतो, कारण तेव्हाही मी लगेच दिलं नव्हतं. मी विषय बदलला. म्हटलं, "पण फिलिंग छान आहे हे तू नुसत्या एक्स-रेवरून कसं सांगतेस? आणि कोणतं मटेरियल भारी, हे तुम्ही लोक ठरवता कसं?" ती म्हणाली, "तुला एवढा रस आहे ना, मग ये. मला स्कॅनवर चालवायला एक स्क्रिप्ट लिहून दे." तिथून पुढे दोन महिने माझे रविवार दातांच्या स्कॅनमध्ये गेले. आजचा भाग त्यावरच आहे.

आत भरतात तरी काय?

आधी थोडक्यात रूट कॅनल म्हणजे काय ते बघू. दाताच्या आत मऊ गर असतो, त्याला आपण बोलताना 'नस' म्हणतो. तो मुळातल्या बारीक नळ्यांमधून टोकापर्यंत जातो. कीड खोल गेली की हा गर सडतो आणि ठणका लागतो. मग डेंटिस्ट तो गर काढतात, नळ्या बारीक फाइलने घासतात आणि सोडियम हायपोक्लोराइटने धुतात. हो, कपड्यांच्या ब्लीचमधलंच रसायन. नळी कोरडी केली की उरते एक रिकामी जागा. ती तशीच सोडली तर जंतू परत येणार, म्हणून ती भरायची.

भरतात त्या दोन गोष्टी. एक म्हणजे गटापर्चाची काडी आणि दुसरा सीलर. घरात फरशी बसवताना फरशी मुख्य असते आणि फटीत व्हाइट सिमेंट जातं ना, तसंच. काडी मुख्य जागा व्यापते, सीलर फटी बुजवतो.

गटापर्चाची गोष्ट मला फार आवडली. हा मलेशियाकडच्या एका झाडाचा चीक. रसायनशास्त्राच्या भाषेत रबर आणि गटापर्चा दोन्ही आयसोप्रीनपासूनच बनतात, फक्त कड्या जोडण्याची पद्धत वेगळी. म्हणून रबर ताणलं जातं, आणि गटापर्चा थंड असताना कडक आणि गरम केल्यावर मऊ होतो. समुद्राच्या पाण्यात तो खराब होत नाही, म्हणून एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारांवर त्याचं वेष्टण द्यायचे. १८५१ ची इंग्लंड-फ्रान्स केबल, १८५८ ची अटलांटिकची पहिली केबल, आणि १८७० मध्ये मुंबईला लंडनशी जोडणारी केबल, सगळीकडे हाच. म्हणजे मुंबईचा पहिला 'इंटरनेट' ज्या चिकात गुंडाळून आला, तोच आज आपल्या दाढेत असतो. १८६० च्या दशकात तो रूट कॅनलमध्ये वापरायला सुरुवात झाली आणि दीडशे वर्षांनंतरही तो तिथेच आहे. सॉफ्टवेअरमध्ये एवढं टिकलेलं काहीही मला माहीत नाही.

पण त्या काडीत खरा गटापर्चा साधारण पाचवा भागच असतो. बाकी मोठा भाग झिंक ऑक्साइडचा, आणि वर बेरियमसारख्या जड धातूंचे क्षार. हे क्षार कशासाठी? एक्स-रेत दिसावं म्हणून! हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

सीलरचे चार भाऊ

खरी स्पर्धा काडीत नाही, सीलरमध्ये आहे. मुख्य चार प्रकार.

पहिला, झिंक ऑक्साइड-युजेनॉल. युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. दात दुखला की आजी लवंग धरायला सांगायची, तेच हे. फार जुना, अनुभवलेला, स्वस्त. तोटा असा की तो हळूहळू विरघळतो, आणि वर दाताच्या रंगाचं रेझिन फिलिंग करायचं असेल तर युजेनॉल ते नीट कडक होऊ देत नाही.

दुसरा, कॅल्शियम हायड्रॉक्साइडवाला. जंतूंना आवडत नाही असा अल्कधर्मी, पण हाही विरघळतो.

तिसरा, एपॉक्सी रेझिन. यातला एएच प्लस इतका वापरला जातो की नवीन काहीही आलं की त्याची तुलना आधी याच्याशी करतात. आपल्या भाषेत सांगायचं तर बेसलाइन. फार कमी विरघळतो, दाताच्या भिंतीला चांगला चिकटतो.

चौथा, बायोसिरॅमिक, म्हणजे कॅल्शियम सिलिकेट. हा चक्क बांधकामाच्या पोर्टलँड सिमेंटचा नातेवाईक. याच घराण्यातलं एमटीए नावाचं मटेरियल १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी पुढे आणलं. बाकीच्यांना ओल चालत नाही, याला ओल लागते, ओलीतच तो घट्ट होतो. आजूबाजूच्या पेशींना मानवतो. तोटे? किंमत जास्त, आणि पुढेमागे रूट कॅनल परत उघडायची वेळ आली तर हा काढणं डोकेदुखी.

कागदावर बघितलं तर वाटतं, चौथाच घ्यावा. मलाही तसंच वाटलं. पण मग प्रश्न येतो, जिंकला कोण हे मोजायचं कसं? तर फोटो काढून.

फोटो क्रमांक १: साधा एक्स-रे

रोंटगेनने १८९५ च्या शेवटी एक्स-रे शोधले. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मनीतल्या ओटो वाल्कहॉफ या डेंटिस्टने स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला. त्यासाठी पंचवीस मिनिटं तोंड उघडं ठेवून पडून राहावं लागलं. आज सेकंदाच्या छोट्याशा अंशात काम होतं.

एक्स-रेमध्ये रूट कॅनल झालेला दात बघितलात तर मुळातून पांढऱ्या रेघा गेलेल्या दिसतात. डेंटिस्ट तीन गोष्टी बघतात: रेघ मुळाच्या टोकाजवळ पोचली का, टोकाच्या पलीकडे तर गेली नाही ना, आणि रेघेत मध्ये काळ्या फटी आहेत का. टोकापासून २ मिलिमीटरच्या आत थांबलेली, सलग रेघ म्हणजे चांगलं काम. ताईने माझ्या एक्स-रेत हेच बघितलं होतं.

पण इथे दोन भानगडी आहेत.

एक, हा फोटो सपाट आहे. एक्स-रे गालाकडून जिभेकडे जातो. आणि मुळातल्या नळ्या बऱ्याचदा गोल नसतात, लांबट असतात, पोह्याच्या दाण्यासारख्या. आणि ती लांबी नेमकी गालाकडून जिभेकडे असते. म्हणजे आपण पोह्याच्या कडेकडून बघतोय. समोर मटेरियल असेल तर त्याच्या मागची रिकामी जागा दिसतच नाही.

दोन, पांढरेपणा. मगाशी म्हटलं ते आठवतंय? पांढरं दिसावं म्हणून क्षार मुद्दाम घातलेले असतात. आयएसओ ६८७६ नावाचं मानक आहे, त्यात सीलर एक्स-रेत किमान ३ मिलिमीटर ॲल्युमिनियमइतका तरी उठून दिसला पाहिजे अशी अट आहे. एएच प्लस त्याच्या कितीतरी वर जातो, भरपूर पांढरा दिसतो. बरेच बायोसिरॅमिक सीलर त्या मानाने फिके दिसतात. आता मला सांगा, जास्त पांढरा म्हणजे जास्त घट्ट बसलेला का? नाही. जास्त पांढरा म्हणजे त्यात एक्स-रे अडवणारा घटक जास्त. बस.

यावरून एक जुना किस्सा सांगतो. १९३० च्या दशकात रूट कॅनलमध्ये चांदीच्या काड्या घालायची पद्धत आली. दाढेत 'चांदी भरणं' म्हणतो ते वेगळं, ही खरोखर चांदीची बारीक काडी. घालायला सोपी, वाकड्या नळीतही टोकापर्यंत जायची, आणि एक्स-रेत काय दिसायची! टोकापर्यंत लख्ख पांढरी रेघ. कित्येक वर्षं डेंटिस्ट खूश होते. मग लक्षात आलं की काडी गोल, नळी लांबट, म्हणजे बाजूला फटी राहतात. त्यातून ओल शिरते, चांदी गंजते, आणि गंजलेले पदार्थ आजूबाजूच्या पेशींना त्रास देतात. आज ही पद्धत बाद आहे. एक्स-रेत सगळ्यात देखणं दिसणारं मटेरियल दाताच्या आत गंजत बसलं होतं.

फोटो क्रमांक २: सीबीसीटी

सपाट फोटो अपुरा पडतो म्हणून त्रिमितीय फोटो आला. १९९० च्या दशकाच्या शेवटी दातांसाठी सीबीसीटी यंत्रं आली. यंत्र डोक्याभोवती फिरतं, शेकडो फोटो काढतं आणि सॉफ्टवेअर त्यातून ठोकळा बनवतं. फोटोचा जसा पिक्सेल, तसा या ठोकळ्याचा व्हॉक्सेल. तो साधारण ७५ ते ४०० मायक्रॉनचा असतो.

सीबीसीटीचा मोठा उपयोग म्हणजे राहून गेलेली नळी सापडणं. वरच्या पहिल्या दाढेत गालाकडच्या पुढच्या मुळात बऱ्याचदा लपलेली जादा नळी असते. साध्या एक्स-रेत ती सहज निसटते. हाडातली सुरुवातीची झीजही साध्या एक्स-रेपेक्षा यात आधी दिसते.

मग मटेरियलची तुलना यानेच करावी ना? तर नाही. एक तर सीलरचा थर कितीतरी ठिकाणी एका व्हॉक्सेलपेक्षाही पातळ असतो. दुसरं म्हणजे, जे पदार्थ एक्स-रे जास्त अडवतात त्यांच्याभोवती फोटोत काळे-पांढरे पट्टे उमटतात. रात्री स्ट्रीटलाइटचा फोटो काढला की दिव्यातून किरणांच्या रेघा निघतात ना, तशातला प्रकार. गटापर्चाशेजारी काळा पट्टा दिसला, तर ती खरी फट आहे की फोटोतला दोष, हे ठरवणं अवघड जातं.

आणि रेडिएशनचं प्रमाण साध्या एक्स-रेपेक्षा जास्त. म्हणून नियम असा की आधी साधा एक्स-रे, आणि त्यातून उत्तर मिळत नसेल तरच सीबीसीटी. 'मनाच्या समाधानासाठी एक काढून ठेवू' असं करायचं नाही.

फोटो क्रमांक ३: मायक्रो-सीटी, आणि माझी स्क्रिप्ट

सगळ्यात बारीक बघतं ते मायक्रो-सीटी. व्हॉक्सेल १०-२० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही लहान. पण त्यात माणूस घालता येत नाही, फक्त काढलेला दात. रेडिएशन आणि वेळ दोन्ही खूप लागतं. त्याचा मोठा फायदा हा की दात कापावा लागत नाही. पूर्वी मटेरियल तपासायला दात शाईत बुडवायचे आणि मग उभा चिरून शाई किती आत गेली ते बघायचे. आता तोच दात भरण्याआधी आणि भरल्यावर स्कॅन करता येतो.

इथे माझा प्रवेश झाला. ताईने सरावासाठी काही स्कॅन दिले. काम सोपं वाटलं: प्रत्येक व्हॉक्सेलला करड्या रंगाची एक किंमत असते. ठरावीक आकड्याच्या वर म्हणजे मटेरियल, मधलं म्हणजे दात, खालचं म्हणजे हवा. हवेचे व्हॉक्सेल मोजा, नळीच्या एकूण आकारमानाने भागा, पोकळीची टक्केवारी तयार. एका दुपारचं काम.

पहिल्या रविवारी आकडे काढले. एक सीलर स्पष्ट पुढे होता. मी उड्या मारत ताईला दाखवले. ती म्हणाली, "थ्रेशोल्ड कुठे ठेवलास?"

सांगितला. ती म्हणाली, "थोडा खाली घेऊन बघ." घेतला. दोघांमधला फरक जवळजवळ नाहीसा झाला. आणखी थोडा हलवला, तर नंबर उलटे लागले!

मी खुर्चीत टेकून बसलो. कोडमध्ये बग नव्हता. झालं असं होतं की फिका सीलर आणि दाताची भिंत यांचे करडे रंग जवळजवळ सारखे होते. शिवाय जिथे अर्धा व्हॉक्सेल हवा आणि अर्धा मटेरियल, तिथे सरासरी रंग येतो, आणि तो नेमका दाताच्या रंगाजवळ जातो. म्हणजे मी मटेरियलची तुलना करत नव्हतो. कोणतं मटेरियल किती पांढरं आहे, याची तुलना करत होतो. पुन्हा तीच चांदीची काडी!

मग आम्ही रीतसर पद्धत धरली. प्रत्येक मटेरियलचा वेगळा नमुना आधी स्कॅन करायचा, त्याचा रंग ठरवायचा, भरण्याआधीच्या स्कॅनवर भरल्यानंतरचा स्कॅन तंतोतंत बसवायचा, आणि मोजणाऱ्याला कोणता दात कोणत्या मटेरियलचा हे सांगायचं नाही. आता कुठेही 'मायक्रो-सीटीने सिद्ध' असं वाचलं की मी आधी हे शोधतो की थ्रेशोल्ड कसा ठरवला.

आणि एक गोष्ट मायक्रो-सीटीने अगदी पक्की दाखवलीय: पूर्णपणे पोकळीविरहित भरणारं एकही मटेरियल नाही. सगळ्यांत थोड्या का होईना, पण पोकळ्या राहतात.

लॅबमध्ये पास, तोंडात नापास

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. समजा मोजमाप अगदी बरोबर झालं. तरी प्रश्न उरतो, पोकळी कमी म्हणजे दात जास्त टिकतो का?

२००४ च्या सुमारास रेझिलॉन नावाचं मटेरियल आलं. दावा जबरदस्त होता. गटापर्चा सीलरला नीट चिकटत नाही, पण रेझिलॉनची काडी, तिचा सीलर आणि दाताची भिंत, तिन्ही मिळून एकसंध ठोकळा होणार. सुरुवातीच्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत ते गटापर्चापेक्षा सरस ठरलं. एक्स-रेतही दिसायला छान. कित्येक डेंटिस्टनी ते वापरायला घेतलं.

पण त्याचा मुख्य घटक होता पॉलिकॅप्रोलॅक्टोन, म्हणजे एक विघटन होणारं प्लास्टिक. तोंडातली ओल, जंतूंची एन्झाइम्स, आणि वर्षांमागून वर्षं. लॅबच्या चाचणीत वर्षं नसतात. पुढे लोकांच्या दातांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला तेव्हा जुन्या गटापर्चापेक्षा रेझिलॉनवाले दात जास्त बिघडलेले निघाले. मटेरियल बाजारातून गेलं.

आपल्यापैकी जे आयटीत आहेत त्यांना हे लगेच कळेल. टेस्ट सगळ्या हिरव्या, आणि प्रॉडक्शनला टाकलं की रात्री दोनला फोन. टेस्ट खोट्या नव्हत्या. त्या वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होत्या. म्हणूनच २००७ मध्ये 'जर्नल ऑफ एन्डोडॉन्टिक्स'च्या संपादक मंडळाने असल्या गळती मोजणाऱ्या लॅब-तुलनांबद्दल हात आखडता घेतला. त्या आकड्यांचा खऱ्या रुग्णाशी संबंध काय, हा त्यांचा प्रश्न होता.

खरी टेस्ट कोणती? माणूस, त्याचा दात, आणि काही वर्षांनंतरचा एक्स-रे. मुळाच्या टोकाशी हाड झिजून काळी सावली पडली असेल, तर ती भरून येतेय का हे बघायचं. याला वर्ष लागतं, कधी चार वर्षंही लागतात. अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा यशाशी जोडलेल्या चार गोष्टी ठळकपणे पुढे आल्या: उपचाराआधी टोकाशी सावली नसणं, भरण्यात पोकळ्या न दिसणं, भरणं टोकापासून २ मिलिमीटरच्या आत पोचणं, आणि वरून दात नीट बंद केलेला असणं.

या यादीत मटेरियलचा ब्रँड नाही. आणि बायोसिरॅमिक विरुद्ध एपॉक्सी रेझिन अशा ज्या तुलना प्रत्यक्ष रुग्णांवर झाल्यात, त्यांत यशाचं प्रमाण साधारण सारखंच आलंय. बायोसिरॅमिक वाईट आहे असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी, उदाहरणार्थ मुळाला भोक पडलं असेल तर, त्या घराण्यातली मटेरियल फार उपयोगी आहेत. पण माझ्या साध्या दाढेत महागडा सीलर असता तरी ती वाचली नसती.

तर, कॅप कुठे होती?

कॅप नव्हती.

रूट कॅनलनंतर डेंटिस्टने स्पष्ट सांगितलं होतं, दोन-तीन आठवड्यांत कॅप बसवून घ्या. क्लिनिकमधून व्हॉट्सॲपवर दोनदा आठवणही आली होती. मी 'ओके' टाकला. पण दुखणं थांबलं होतं. एक्स-रेतल्या पांढऱ्या रेघा छान दिसत होत्या. रिलीज चालू होतं. मग बाइकचा हप्ता होता. मग विसरलो. दीड वर्ष.

रूट कॅनल झालेल्या दाढेचा बराच भाग आधी किडीने आणि मग उपचाराने गेलेला असतो. उरलेल्या भिंती पातळ, आणि दाढेवर चावण्याचा जोर मोठा. कॅप त्या भिंतींना कडं घालते, बैलगाडीच्या चाकाला धाव बसवतात तशी. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातला २००२ चा एक अभ्यास आहे: रूट कॅनलनंतर कॅप न बसवलेले दात, कॅप बसवलेल्यांच्या तुलनेत सहापट वेगाने गमावले गेले. सहापट! मी मात्र सीलरच्या पोकळीतला एक-दोन टक्क्यांचा फरक शोधत रविवार घालवत होतो.

आणि तुटण्याचं सोडा, वरून गळतीही होते. १९९५ मध्ये अमेरिकेतच रे आणि ट्रोप यांनी १०१० दातांचे एक्स-रे तपासले होते. मुळाशी दात निरोगी आहे की नाही, याचा संबंध आतल्या भरण्यापेक्षा वरच्या बंदिस्तीशी जास्त दिसला. यावर पुढे वाद झाले, दोन्ही महत्त्वाचं असंही दिसलं. पण 'आतलं चांगलं आहे, वरचं बघू नंतर' याला कुणीच पाठिंबा दिला नाही.

म्हणून तुमच्यापैकी कुणाचं रूट कॅनल ठरलं असेल, तर माझ्याकडून पाच प्रश्न लिहून घ्या. मी डेंटिस्ट नाही. हे प्रश्न तुमच्या डेंटिस्टलाच विचारायचे आहेत.

एक, काम करताना रबर डॅम लावणार का? म्हणजे दाताभोवती रबराचा पडदा, लाळेतले जंतू आत जाऊ नयेत म्हणून.

दोन, या दातात किती नळ्या सापडल्या? सगळ्या साफ झाल्या का?

तीन, भरल्यानंतरच्या एक्स-रेत मटेरियल टोकाजवळ पोचलंय का, मध्ये फटी आहेत का? मला दाखवा. आणि त्याची कॉपी फोनमध्ये ठेवा.

चार, कॅप कधी? तारीख आजच घ्या. बजेट ठरवताना कॅपचे पैसे पहिल्या दिवसापासून धरा. महागडा सीलर आणि कॅप यांत एकच परवडत असेल, तर तेही मोकळेपणाने डेंटिस्टला सांगा. आता मी असतो तर कॅप घेतली असती.

पाच, वर्षाने बघायला कधी येऊ? दुखत नाही म्हणजे बरं झालं असं नसतं. टोकाशी हाड भरतंय का ते एक्स-रेतच दिसतं.

माझी काढलेली दाढ मी घरी आणलीय, एका छोट्या बाटलीत. तडा अगदी मधून गेलाय, त्यामुळे आतला गटापर्चा उघडा पडलाय. नारिंगी-गुलाबी काडी, टोकापर्यंत, जशीच्या तशी. ताईने ती उजेडात धरून बघितली आणि म्हणाली, "बघ, ज्याच्यावर तू संशय घेतलास तेवढंच शाबूत राहिलंय."

आई मात्र अजूनही म्हणते, "चकली कडक नव्हती हं." नव्हती, आई. चकली खुसखुशीत होती. आता कबूल केलं, तेही सगळ्यांसमोर.

तर मंडळी, आजच्यासाठी एवढंच. घरात कुणाची कॅप राहिली असेल तर हा भाग त्यांना पाठवा, आणि नुसता पाठवू नका, अपॉइंटमेंट घेऊन द्या. पुढच्या भागात आपण पुन्हा नेहमीच्या विषयांवर येऊ. तोपर्यंत काळजी घ्या, दात घासून झोपा. भेटूच!